बंदिवान स्त्रिया व बेवारशी कुत्री
(शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 12:10)

पशूच्या जिवाची काळजी वाहणे हे शलमोन धार्मिकाचे लक्षण सांगतो. मग पशू अपराध्याच्याच हाती सोपविला तर?

अमेरिकेतील वॉशिंग्टन संस्थानात, गिग हार्बरनजीक, स्त्रियांचा तुरुंग आहे. सन 1981 मध्ये पॉलीन क्विन नामक बाईंनी तेथे हे करून पाहिले. लहानपणी त्या स्वतः अनेक संस्थांत कोंडल्या गेल्या होत्या, व पुढे एका कुत्र्याच्या सोबतीने त्यांस धीर आला होता. (त्या रोमन कॅथॉलिक मठवासिनी; तरी चांगले ते घ्यावे.) बेवारशी कुत्री बंदिवान स्त्रियांच्या हवाली झाली. त्यांस खाऊ घालावे, धुवावे, आणि अपंगांच्या साहाय्याची कामे शिकवावी, असा क्रम.

कुत्रे अपराध विचारीत नाही. पण आज रागाने हात उगारला, तर उद्या ते हाकेस येत नाही. म्हणून शिकविणारीस प्रथम आपला राग आवरावा लागतो. आणि शिक्षण पुरे होताच ते लाडके जनावर परक्याच्या दारी धाडावयाचे! जिने पूर्वी दुसऱ्याचे हिरावून घेतले, तिला हे देणे किती जड जात असेल!

वर्गात विचारावे : शिक्षा भोगून गावी परतलेल्या भावाच्या हाती आपल्या मंडळीतील कोण आपली बैलजोडी देईल?