होडीच्या पोटात पाऊस साचू देऊ नको

झिला, होडी आता तू सांभाळणार, तर एक गोष्ट आधी ऐक. खाऱ्या पाण्याने होडी जाते असं सगळे म्हणतात. खिळ्यांचं नि इंजिनाचं तसं होतं खरं. पण लाकूड कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्याने. कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, तिला पोटात साचलेलं गोडं पाणी हवं असतं.

म्हणून मिरगाच्या आधी, अवस-पुनवेचं उधाण साधून होडी वर घे. भरती जेवढी चढेल तेवढी आपली ओढाताण कमी. वाळूत टेकवू नको. माडाच्या ओंडक्यांवर ठेव, म्हणजे खालून वारा खेळतो. नाळ जरा उंच राहू दे आणि मागचं बूच काढून घरात खुंटीला बांध, नाहीतर श्रावणात शोधत बसशील. वर झावळ्या शाकार. प्लॅस्टिक थेट अंगावर टाकलंस तर आत घाम धरतो.

तळाचं शेवाळ आणि चिकटलेली कवचं मात्र त्याच दिवशी, ओली असतानाच खरवड. वाळली की दगड होतात. मग चाकूच्या टोकाने तळ टोचून बघ. लाकूड पोखरणारा किडा बाहेर टाचणीएवढंच भोक ठेवतो आणि आत बोटभर जाडीची बिळं करतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नको. हातोडीने ठोकून आवाज ऐक. भद्द वाजलं तर फळी गेली. हा किडा खाऱ्या पाण्यातला, कोरड्यात जगत नाही. होडी नीट वाळली की मरतो. थोडक्यात, कोरडेपणा दोन्ही शत्रूंवर उतारा आहे.

सांध्यांत कापूस भरताना हात आवर. वाळलेल्या फळ्यांच्या फटी मोठ्या दिसतात म्हणून नवशिके ठासून भरतात. पाण्यात फळ्या फुगल्या की त्याच कापसाला जागा उरत नाही आणि खिळे उपटतात. तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी खिळा मारू नको. खाऱ्या पाण्यात लोखंड आधी झडतं.

शेजारच्यांच्या फायबरच्या होडीला हात लावायची वेळ आली तर आधी गोड्या पाण्याने धू. मिठाच्या कणांवरून फडकं फिरवलंस तर चरे पडतात. पॉलिश सावलीतच कर, आणि जाड सँडपेपर घेऊ नको: वरचा चकाकता थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, एकदा गेला की गेला. पाण्याखालच्या भागाला मेण लावू नको, त्यावर रंग धरत नाही.

इंजिनाला गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवून आतलं खारं पाणी काढ. त्याच्या पायाला जस्ताची वडी असते. ती इंजिनाऐवजी स्वतः झिजते. तिच्यावर रंग फासणारे महाभाग मी पाहिलेत! रंगवलेली वडी काहीच करत नाही. अर्धी झिजली की बदल. तळाच्या रंगात तांबं असेल तर तो ॲल्युमिनियमच्या पायाला लावू नको.

नारळी पुनवेला होडी पाण्यात सोडलीस की पहिल्या दिवशी गळेलच. घाबरून पुन्हा वर ओढू नको, बादली जवळ ठेव आणि दोन-तीन भरत्या जाऊ दे. फळ्या फुगतील. त्यानंतरही एकाच जागी झिरपत असेल, तर खडूने खूण कर आणि मग सुताराला बोलव.