खडबडीत रस्ता आणि सायकलचे चाक

जबलपूरसारख्या शहरात कारखान्याच्या पाळीवर किंवा शाळेकडे सायकलवरून निघालेला मनुष्य वाटेत दुकानापाशी थांबतो, चाकांत हवा भरून घेतो आणि अंगठ्याने टायर दाबून पाहतो. टायर किंचित जरी दबला तरी त्याचे समाधान होत नाही. आणखी चार हात पंप मारला जातो आणि टायर दगडासारखा टणक झाला म्हणजे तो स्वार निश्चिंत मनाने पुढे जातो. टायर जितका टणक, तितकी सायकल हलकी चालते, अशी त्याची समजूत असते.

गुळगुळीत डांबरी रस्त्यापुरती ही समजूत बरीचशी खरी आहे. परंतु खडी उघडी पडलेल्या, खाचखळग्यांनी भरलेल्या रस्त्यावर ती फसवी ठरते. तेथे अति टणक टायर स्वाराचे श्रम वाढवितो. हे कसे घडते, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

रस्ता खडबडीत का होतो?

जबलपूरच्या परिसरात मदनमहालच्या टेकड्यांवर कठीण ग्रॅनाइटचे प्रचंड खडक उभे आहेत, तर सखल भागात खोल काळी माती पसरलेली आहे. या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती विपुल असते. पावसाळ्यात ती फुगते व मऊ होते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. या भागात परंपरेने चालत आलेल्या ‘हवेली’ शेतीपद्धतीत शेतांना बांध घालून पावसाचे पाणी शेतातच साठवितात आणि पावसाळा सरत आला म्हणजे ते सोडून देऊन गहू-हरभऱ्याची पेरणी करतात. शेतीला हे पाणी उपकारक असते; परंतु अशा शेतांलगतच्या रस्त्याखालची माती दीर्घकाळ ओली राहते व तिची भार पेलण्याची शक्ती घटते. वरून जड वाहने गेली की खालचा थर दबतो, पृष्ठभाग तडकतो, तडीतून आणखी पाणी शिरते आणि अखेर खड्डा पडतो.

कच्च्या मुरमाच्या रस्त्यावर आणखी एक प्रकार आढळतो. धुण्याच्या फळीवर असतात तशा आडव्या लहरी त्या रस्त्यावर उठतात. वेगाने जाणारे चाक लहानशा उंचवट्यावरून उडते, पुढे आपटते आणि तेथील माती ढकलून नवा उंचवटा निर्माण करते. विशिष्ट वेगापेक्षा सावकाश फिरणारे चाक अशा लहरी उत्पन्न करीत नाही, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाळूच्या फिरत्या थरावर चाक चालवून दाखविण्यात आले.

धक्क्याची किंमत

आता थोडे गणित करू. स्वार आणि सायकल यांचे मिळून वस्तुमान 80 किलोग्रॅम आहे असे मानू. टणक चाक 1 सेंटिमीटर उंचीच्या खड्यावर चढले आणि त्याबरोबर हा सर्व भार तितकाच वर उचलला गेला, तर त्यासाठी सुमारे 8 ज्यूल ऊर्जा लागते. सायकल सेकंदाला 4 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 14 किलोमीटर वेगाने चालली आहे आणि दर 2 मीटरला असा एक खडा येतो असे धरले, तर सेकंदाला दोन धक्के बसतील आणि 16 ज्यूल, म्हणजे 16 वॅट शक्ती केवळ भार उचलण्यात खर्च होईल.

सपाट रस्त्यावर रमतगमत सायकल चालविणारा मनुष्य सुमारे 70 वॅट शक्ती पुरवितो. त्यातील एक-पंचमांशाहून अधिक भाग अशा रीतीने वर जाण्यात वेचला जातो. खड्यावरून उतरताना यातील काही ऊर्जा परत मिळते, हे खरे; परंतु धारदार खड्यावरून चाक घसरत उतरत नाही, ते आपटते. त्या आघातात बरीचशी ऊर्जा स्वाराच्या स्नायूंत, सायकलच्या सांध्यांत आणि रस्त्यात विरून जाते. खडबडीत रस्त्यावर दुखणारे मनगट आणि मोडणारी पाठ हा याच हिशेबातील खर्च होय.

हवेची गादी

चाक रबरी नळीतील हवेवर चालवावे ही कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन याने 1845 साली पेटंट करून घेतली होती; पण ती विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसविले व 1888 साली त्याचे पेटंट घेतले. फरसबंदी रस्त्यावर मुलाला बसणारे हादरे कमी व्हावेत, असा त्याचा हेतू होता. परंतु 1889 साली विली ह्यूम या स्वाराने हवेचे टायर लावून बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या, तेव्हा सुखासाठी केलेली ही योजना वेगालाही पोषक आहे, हे सर्वांस कळून आले.

याचे कारण असे. खडा आला म्हणजे हवेचा टायर त्या ठिकाणी आत दबतो आणि खड्याला जणू आपल्या पोटात घेतो. रिम, दांडे आणि स्वार जवळजवळ त्याच पातळीवर राहतात. खडा मागे पडताच दाबलेली हवा टायरला पूर्ववत करते आणि दबण्यात खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग परत देते. ऐंशी किलोंचा भार वर उचलण्याऐवजी रबराचा लहानसा भागच तेवढा हलतो.

मागील चाकावर 50 किलो भार असेल आणि टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो असेल, तर टायर सुमारे 10 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब 3 किलोवर आणला तर हीच जागा सुमारे 17 चौरस सेंटिमीटर होते. टायर अधिक पसरतो व खडे गिळण्यास त्याला अधिक वाव मिळतो. अर्थात तो अधिक वाकतो, म्हणून रबर तापून थोडी ऊर्जा वाया जाते. गुळगुळीत रस्त्यावर हा तोटाच मोठा ठरतो. खडबडीत रस्त्यावर धक्के टळल्याचा लाभ त्याहून मोठा असतो. 1896 पासून फ्रान्समध्ये होत असलेल्या पॅरिस–रूबे या शर्यतीचा मार्ग काही ठिकाणी ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून जातो. तेथील निष्णात स्वारही आता अरुंद व टणक टायर सोडून 30 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर कमी दाबाने वापरतात.

मोठ्या चाकाचा लाभ

आपल्याकडील जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचे चाक 28 इंची असते. वाटेत 3 सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला आणि चाकावर 40 किलो भार असला, तर ते चाक अगदी सावकाश त्यावर चढविण्यासाठी सुमारे 18 किलोचा आडवा जोर लागतो. त्याच ठिकाणी 20 इंची लहान चाक असते, तर सुमारे 21 किलोचा जोर लागला असता. मोठे चाक दगडाला अधिक वरून भिडते, म्हणून त्याला चढ सौम्य भासतो. मोठी चाके, लांब बांधणी आणि स्प्रिंगांची बैठक यांमुळे ही जड सायकल खेड्यांच्या वाटांवर इतकी वर्षे टिकून राहिली.

लहरी आणि वेग

लहरी पडलेल्या रस्त्यावर दोन उंचवट्यांत 60 सेंटिमीटर अंतर असेल आणि सायकल ताशी 12 किलोमीटर वेगाने चालली असेल, तर सेकंदाला साडेपाचांहून अधिक धक्के बसतात. बसलेल्या मनुष्याचे धड सेकंदाला 4 ते 8 या गतीच्या वरखाली होणाऱ्या कंपनांना सर्वांत जोराने प्रतिसाद देते. म्हणून हे धक्के विशेष जाचतात. उंचवटे तळापासून 1 सेंटिमीटर उंच असले आणि चाक अगदी टणक असले, तर ताशी सुमारे 15 किलोमीटरच्या पुढे ते जमिनीवरून क्षणोक्षणी सुटू लागते. सुटलेल्या चाकावर ब्रेक लागत नाही आणि ते वळविताही येत नाही. अशा रस्त्यावर वेग कमी करणे, यातच शहाणपण आहे.

स्वाराने काय करावे?

खडबडीत वाटेवर टायर किंचित मऊ ठेवावा; मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. हवा फार कमी झाली तर दगडावर आपटताच ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. दुधाचे कॅन किंवा पोती वाहणाऱ्याने मागील चाकात अधिक हवा ठेवणे भागच असते.

खड्डा दिसताच दोन्ही पायडले आडवी करून बैठकीवरून थोडे उठावे आणि कोपरे वाकवावी. मग पाय व हात स्प्रिंगेसारखे काम करतात आणि धक्क्याला 80 किलोंऐवजी मुख्यतः 20 किलोंची सायकलच उचलावी लागते. 8 ज्यूलच्या जागी 2 ज्यूल पुरतात. मुठी घट्ट आवळू नयेत. दीर्घकाळ दाब व हादरे बसल्यास तळव्यातील मज्जातंतू दबून करंगळी व अनामिका बधिर होतात.

मागे बांधलेल्या ओझ्याला मात्र गुडघे नसतात. त्याचा प्रत्येक धक्का चाकाला व स्वाराला सोसावाच लागतो. मोटारीतून जाणाऱ्यास जो खड्डा जेमतेम जाणवतो, त्याची किंमत ओझे वाहणारा सायकलस्वार रोज आपल्या श्रमाने चुकवितो. रस्त्याची डागडुजी करताना हा हिशेबही ध्यानात घेतला पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

1. टायरला ओली माती लावून, एकाने सायकलवर बसून, चाक कोऱ्या कागदावर टेकवावे. उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ चौकटीच्या कागदावर मोजावे. हवा कमी करून पुन्हा ठसा घ्यावा व दोहोंची तुलना करावी.

2. रहदारी नसलेल्या सौम्य उतारावरून, एकाच खुणेपासून, पायडल न मारता सायकल सोडावी व ती थांबते ते अंतर मोजावे. हा प्रयोग टणक व किंचित मऊ टायरने, प्रथम गुळगुळीत आणि मग खडबडीत रस्त्यावर, प्रत्येकी पाच वेळा करावा. दोन्ही रस्त्यांवर एकच टायर जिंकतो काय, हे वहीत नोंदवावे.