माळवद म्हणजे काय?

डिझास्टर मॅनेजमेंट घेतलं तेव्हा डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर आणि फूड पॅकेट्स होती. पहिलीच केस निघाली किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. वाचताना 'माळवद' शब्दाला अडले (कॉन्व्हेंटची कृपा!). मेसच्या मावशी लातूरकडच्या. म्हणाल्या, "मातीचं छत गं. गळू नये म्हणून दरसाल वर माती टाकायची."

म्हणजे दरवर्षी वजन वाढणार! बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, अकरावीत घोकलेलं. खाली मातीत रचलेली जाड दगडी भिंत. तिचे आतले-बाहेरचे थर बांधणारा आरपार दगडच नाही. हादऱ्यात थर सुटले, छत झोपलेल्यांवर आलं. पुढे वाचलेल्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून त्यांत सळई-काँक्रीट भरायची पद्धत आली.

मावशींना चित्र काढून दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. "आमच्या माहेरच्या भिंतीला असलं काही नाही," म्हणाल्या.