लोगो कुठं जाणार आहे, ते आधी सांगा!

आपल्या कॉलेजचा लोगो किती ठिकाणी छापला जातो, याची कधी मोजदाद केली आहे का? ओळखपत्र, प्रोजेक्ट रिपोर्टचं कव्हर, टेक फेस्टचा टी-शर्ट, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरची सूचना, गॅदरिंगचा फ्लेक्स, वेबसाइट. लोगो एकच, पण दिसतो मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा! कुठे पांढऱ्या चौकोनात अडकलेला, कुठे धूसर, कुठे आडवा ताणलेला. प्रसिद्धी समितीत दोन वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की यात डिझाइनचा दोष कमी आणि चुकीच्या फाइलचा जास्त.

होतं काय, की कुणीतरी वेबसाइटवरून लोगो उतरवून घेतो आणि व्हॉट्सॲपवर फ्लेक्सवाल्याला पाठवून मोकळा होतो. आता हिशोब करा. वेबसाइटवरचा लोगो समजा २०० पिक्सेल रुंद आहे. फ्लेक्सवर तो ४ फूट हवा, म्हणजे साधारण १२२० मिलिमीटर. भागाकार केलात तर एकेक पिक्सेल ६ मिलिमीटरचा! व्हर्नियर लावून मोजावा असा. मग फ्लेक्सवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग? त्याच्याकडे माहितीच तेवढी पोहोचली.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरते ती जेपेग फाइल. तिच्यामागचं गणित एका भारतीय माणसाचं आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा, इंजिनिअरिंगही तिथलंच. पुढे अमेरिकेत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'वरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९९२ च्या जेपेग प्रमाणकाचा तोच पाया. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात सावकाश होणारा बदल नीट जपायचा आणि झटकन होणारा बदल बराचसा टाकून द्यायचा. चेहरा, आकाश, पावसाळ्यातला लोणावळ्याचा डोंगर, इथे डोळ्याला काही कळत नाही आणि फाइल लहानशी होते. फोटोसाठी जेपेग झकास.

पण अक्षराची कड म्हणजे झटकन होणारा बदलच की! म्हणून जेपेगमधल्या अक्षरांभोवती धूळ बसल्यासारखी दिसते. फाइल उघडून, थोडी कापून-छाटून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की धूळ वाढत जाते. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो असं मला वाटतं. शिरोरेषेखाली जोडाक्षरांची गर्दी, त्यात अनुस्वाराचा एवढासा ठिपका. तो पुसला गेला तर 'वंदन'चं 'वदन' होतं, आणि आपण पाहुण्यांना नमस्कार करण्याऐवजी तोंड दाखवतो!

पडद्यावर लोगो किंवा मराठी मजकूर दाखवायचा असेल तर पीएनजी घ्या. १९८७ चं जिफ एका चित्रात २५६ रंगांवर थांबतं. शिवाय त्याच्या कॉम्प्रेशनच्या पद्धतीवर पेटंट होतं आणि १९९४ च्या अखेरीस त्याचे पैसे मागितले जाऊ लागले. त्या रागातून १९९५ मध्ये पीएनजीचं काम सुरू झालं. पीएनजी काहीच टाकून देत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवते, म्हणजे तो पांढरा चौकोन गेला. फोटो मात्र पीएनजीत ठेवू नका, फाइल फुगते. वेबपी हा २०१० चा प्रकार वेबसाइटला चांगला, छपाईवाल्याला देण्याच्या भानगडीत पडू नका.

आता खरी गोष्ट. फ्लेक्स, टी-शर्ट, पाटी यांना पिक्सेल नकोच, व्हेक्टर हवा. आपण ऑटोकॅडमध्ये रेघ काढतो, ती ठिपक्यांची नसून समीकरणाची असते, हेही तसंच. कोरलची सीडीआर, ईपीएस, एसव्हीजी, पीडीएफ यांत असा लोगो राहू शकतो आणि तो कितीही मोठा केला तरी कड तीच. 'राहू शकतो' असं म्हणतोय, कारण पीडीएफमध्ये जेपेग चिकटवला तर तो आतून जेपेगच! ८०० टक्के मोठं करून बघा, पायऱ्या दिसल्या की समजा. मराठी अक्षरं 'कर्व्ह'मध्ये बदलून घ्या. नाहीतर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, की कॉलेजच्या नावाऐवजी भलतीच रोमन अक्षरं येतात.

भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंग करून घ्यायचं असेल तर हीच व्हेक्टर आकृती डीएक्सएफमध्ये द्यावी लागते. तिथे देवनागरीची आणखी एक गंमत आहे. पत्र्यात 'पिंपरी' आरपार कापायला गेलात तर 'प'चं पोट गळून पडतं, त्याला मध्ये पूल ठेवावा लागतो. उलट ॲक्रिलिकची सुटी अक्षरं करा, तर अनुस्वार वेगळा तुकडा होऊन हातात येतो आणि तो भिंतीवर निराळा चिकटवावा लागतो. आधी माहीत असलेलं बरं.

रंगांचंही तसंच. पडदा लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळतो, छपाई चार शाया वापरते. झगझगीत भगवा किंवा निळा कागदावर थोडा मलूल होणारच. चार शायांचे आकडे एकदा ठरवून लिहून ठेवले की दर वर्षी वेगळी छटा निघत नाही. पीएनजीत हे चार शायांचे आकडे राहतच नाहीत, म्हणून छपाईला पीडीएफ.

हे सगळं कशाला, असं विचाराल. गेल्या टेक फेस्टला चाकणच्या एका कंपनीने प्रायोजकत्व देताना स्वतःचा लोगो व्हेक्टरमध्ये पाठवला, सोबत रंगांचे आकडे, लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची तेही. आणि वर मागणी, "तुमचाही असाच पाठवा." आपल्याकडे नव्हता! उद्या आपल्यातलेच काही जण तिथे मुलाखतीला जाणार, हातात ज्या प्रमाणपत्रांची फाइल असेल त्यांवर कॉलेजचं नाव वाचता यायला नको का?

शेवटी आमच्या विंगमधल्या दोघा मेकॅनिकलवाल्यांनी इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री बसून जुन्या छापील बोधचिन्हावरून लोगो हाताने पुन्हा काढला. ऑटो ट्रेसने करून पाहिलं होतं, पण चक्राचे दाते बोथट येत होते. प्राचार्यांनी तो पाहून मान्य केलाय. एसव्हीजी, पीडीएफ, डीएक्सएफ आणि तीन मापांच्या पीएनजी समितीच्या पेन ड्राइव्हवर आहेत. ज्याला लागेल त्याने मागावा, फक्त कुठं लावणार ते सांगावं. व्हॉट्सॲपवर हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवू, फोटो म्हणून नाही.