हिरव्या पट्ट्याला हात लावण्याआधी

विंडोज एक्सपीच्या डीफ्रॅगमेंटरमध्ये 'अ‍ॅनालाइज'चं बटण दाबलं की हार्ड डिस्कचा आडवा पट्टा रंगत जायचा. तुकडे झालेल्या फायली लाल, सलग असलेल्या निळ्या, मोकळी जागा पांढरी. आणि अधूनमधून उभे हिरवे पट्टे, म्हणजे हलवता न येणाऱ्या फायली. रात्रभर डीफ्रॅग चालवलं की सकाळी लाल रंग ओसरलेला दिसे, पण हिरवा जिथल्या तिथे. घरचा कॉम्प्युटर मनापासून जपणाऱ्या कित्येकांना हे हिरवे पट्टे खुपायचे. सगळं आवरलं, मग हेच का राहिलं, असं वाटायचं. त्या वाटण्यातूनच आमच्या घरात जे घडलं ते सांगतो, कारण 'सिस्टीम फायलीसुद्धा डीफ्रॅग करून वेग वाढवा' असं सांगणारी सॉफ्टवेअर्स आजही मिळतात.

2009 चा मे महिना, ऐन लग्नसराई. वहिनी कराडला घरीच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. 256 एमबी रॅम, 80 जीबीची डिस्क. काही आठवड्यांपासून मशीन फार मंदावलं होतं. पत्रिकेची फाइल उघडायला एवढा वेळ लागे, की गिऱ्हाईक समोर ताटकळत बसायचं. ओळखीच्या एका मुलाने मदत म्हणून एक 'स्पीड वाढवणारं' सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात एक पर्याय होता: पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज पूर्ण जागं होण्याआधी, संरक्षित सिस्टीम फायली डीफ्रॅग करायच्या. रात्री तो लावून सगळे झोपले. पहाटे वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यात नवल काहीच नाही.

सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, कॉम्प्युटर चालूच होत नाहीये. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय, नि थोड्याच वेळात पत्रिकेवाले येऊन बसतील." मी तिला अक्षर न् अक्षर वाचायला सांगितलं. विंडोज सुरू होऊ शकत नाही, कारण सिस्टीम 32 मधल्या कॉन्फिग फोल्डरातली 'सिस्टीम' ही फाइल गहाळ किंवा खराब आहे, असा तो निरोप होता.

ही फाइल म्हणजे रजिस्ट्रीचा एक गठ्ठा. कोणता ड्रायव्हर कधी सुरू करायचा, डिस्कशी कसं बोलायचं, हे विंडोज त्यातूनच वाचतं. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत ही फाइल सतत उघडी असते आणि तिच्यात लिहिणं चालूच असतं. पेज फाइलचंही तसंच. रॅम अपुरी पडली की तिथला मजकूर डिस्कवर ज्या फायलीत ठेवला जातो ती पेज फाइल. हायबरनेट करताना अख्खी रॅम जिच्यात उतरते ती हायबरफिल, विंडोजच्या घडामोडींच्या नोंदींच्या इव्हेंट लॉग फायली, हे सगळे हिरवे पट्टे. विंडोज या फायली कुलूपबंद ठेवतं, कारण झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची सतरंजी त्याला न उठवता ओढता येत नाही. म्हणून हे काम करायचं तर ते कोणी त्या फायली उघडण्याआधीच, बूट होताना, करावं लागतं.

हे काम जबाबदारीने करणारी साधनं नव्हतीच असं नाही. मार्क रुसिनोविच यांचं पेजडीफ्रॅग हे सिसइंटर्नल्सचं छोटंसं साधन त्या काळी जाणकारांत प्रसिद्ध होतं. डिस्क तपासणीचा प्रोग्रॅम ज्या टप्प्यावर चालतो त्याच टप्प्यावर ते चालायचं आणि विंडोजच्याच फाइल हलवण्याच्या सोयीतून काम करायचं. एनटीएफएस फाइल सिस्टीममध्ये ही सोय बऱ्यापैकी सुरक्षित आहे. मजकूर नव्या जागी लिहिल्यावरच जुनी जागा सोडली जाते आणि बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये होते. त्यामुळे नुसती वीज गेली म्हणून फाइल नासेलच असं नाही. मात्र पेजडीफ्रॅग एक्सपी आणि सर्व्हर 2003 पर्यंतच्याच विंडोजसाठी होतं. व्हिस्टा किंवा त्यापुढच्या विंडोजवर ते चालवायचा खटाटोप करू नये.

मग वहिनीच्या कॉम्प्युटरवर फाइल बिघडली कशी? डिस्क काढून मी माझ्या कॉम्प्युटरला स्लेव्ह म्हणून जोडली. विंडोज दुरुस्त करण्याच्या भानगडीत आधी पडलो नाही. आधी कामाच्या फायली उतरवून घेतल्या, आणि हा क्रम प्रत्येकाने पाळावा असं मी कळकळीने सांगेन. कॉपी करताना काही पत्रिकांपाशी डिस्क अडकायची, टक टक आवाज यायचा आणि वाचता येत नाही असा निरोप यायचा. नंतर त्याच डिस्कवरची इव्हेंट लॉगची फाइल उघडून पाहिली. 'डिस्क' या नावाखाली कित्येक आठवड्यांच्या तांबड्या नोंदी होत्या: या उपकरणावर बॅड ब्लॉक आहे. डिस्क मरायला टेकली होती आणि ती तसं वारंवार सांगत होती. एरवी क्वचित वाचल्या जाणाऱ्या जागाही डीफ्रॅगने वाचायला लावल्या, गिगाबाइटच्या गिगाबाइट इकडून तिकडे हलवायला लावलं. त्यातच वीज गेली आणि रजिस्ट्रीचा गठ्ठा सापडला.

विंडोज परत उभं करता आलं ते सिस्टीम रिस्टोअरमुळे. 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपलेल्या फोल्डरात प्रत्येक रिस्टोअर पॉइंटबरोबर रजिस्ट्रीच्या प्रती असतात. त्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घेऊन आठवडाभर आधीची 'सिस्टीम'ची प्रत काढली, योग्य नाव देऊन कॉन्फिग फोल्डरात ठेवली, तेव्हा विंडोज सुरू झालं. आणि त्या आधी आवश्यक ते सगळं नव्या डिस्कवर घेतलं होतं. पण ज्या पत्रिका खराब सेक्टरवर होत्या त्या गेल्या. वहिनीने त्या जुन्या छापील प्रती समोर ठेवून पुन्हा जुळवल्या, रात्री जागून, लग्नाच्या तारखा तोंडावर असताना. तिची ती धावपळ मी पाहिली आहे, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहितो आहे.

आता खरा प्रश्न. एवढं करून मिळणार काय होतं? मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला सरासरी नऊ मिलिसेकंद घेतं आणि हवा तो भाग फिरून डोक्याखाली यायला आणखी चारेक. म्हणजे एका तुकड्यामागे 13 मिलिसेकंद. रजिस्ट्रीच्या फायलीचे 30 तुकडे झाले असले तरी सगळे मिळून अर्धा सेकंदही वाया जात नाही, आणि तोही कॉम्प्युटर सुरू होताना एकदाच. पेज फाइल तर सलग वाचलीच जात नाही. तिच्यातून इथली चार पानं, तिथली दोन, असंच वाचन होतं. ती काही मोठ्या तुकड्यांत विभागलेली असली तरी फरक जाणवत नाही. व्हिस्टापासून विंडोजचा स्वतःचा डीफ्रॅगमेंटरही 64 एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या फंदात पडत नाही, त्यामागचा हिशेब हाच आहे. 64 एमबी वाचायला त्या काळच्या डिस्कला जवळजवळ एक सेकंद लागे, त्यात 13 मिलिसेकंद वाचवून कोणाचं भलं होणार?

वहिनीचं मशीन मंद होतं ते रॅम अपुरी होती म्हणून आणि डिस्क आजारी होती म्हणून. 256 एमबीत कोरल आणि पेजमेकर एकदम उघडले की पेज फाइलवर अखंड ये-जा. पेज फाइल एका तुकड्यात असो की पन्नास, ती ये-जा थांबत नाही. एक जीबी रॅम घातल्यावर थांबली. म्हणून माझं पहिलं सांगणं: मशीन मंद झालं की टास्क मॅनेजर उघडून रॅम किती वापरली जाते ते पाहा, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत 'डिस्क'ची तक्रार आहे का ते शोधा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं साधन डिस्कची प्रकृती दाखवतं. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डीफ्रॅगचं नावही काढू नका. त्या दिवशी फक्त बॅकअप घ्यायचा आणि नवी डिस्क आणायची.

जुन्या एक्सपीच्या मशीनवर आणखी एक गोष्ट मी नंतर इतरांच्या घरी पाहिली. डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही किंवा केबलमध्ये चुका झाल्या, आणि असं सहा वेळा घडलं, की एक्सपी त्या डिस्कचा वेग एकेक पायरी उतरवत जायचं आणि शेवटी तिला पीआयओ मोडमध्ये टाकायचं. कागदावर सेकंदाला 100 एमबी देणारी डिस्क मग 16 च्या आसपास येते आणि प्रोसेसरही त्यातच गुंततो. अख्खं मशीन बैलगाडीच्या गतीने चालू लागतं आणि लोक डीफ्रॅग करत बसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये हे दिसतं. तिथे पीआयओ दिसलं तर आधी केबल बदला आणि डिस्क तपासा. मग तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं की वेग परत येतो.

एवढं सगळं तपासूनही कोणाला जुन्या मशीनवर सिस्टीम फायली सलग करायच्याच असतील, तर बूटच्या वेळी कुलूप फोडायची गरज बहुतेकदा नसते. हायबरनेशन बंद करा, हायबरफिल आपोआप पुसली जाते. रॅम पुरेशी असेल तर पेज फाइल तात्पुरती 'नो पेजिंग फाइल' करून मशीन पुन्हा सुरू करा. रॅम तुटपुंजी असेल तर हे करू नका, मशीन अडून बसेल. आता नेहमीचं डीफ्रॅग चालवा. त्यासाठी डिस्कवर निदान 15 टक्के जागा मोकळी हवी. मग पेज फाइलचा सुरुवातीचा आणि कमाल आकार सारखाच ठेवून ती परत लावा. आकार बदलत राहिला नाही की तिचे नवे तुकडे पडत नाहीत. सर्वांत शेवटी हायबरनेशन चालू करा. दोन्ही फायली मोकळ्या, सलग जागेत नव्याने तयार होतात आणि कोणाची घडी विस्कटत नाही. नव्या डिस्कवर विंडोज टाकल्या टाकल्या पेज फाइल ठरावीक आकाराची केली तर यातलं काहीच करावं लागत नाही. वहिनीच्या नव्या डिस्कवर मी तेच केलं.

बॅकअपबद्दल एक बारकावा. व्हिस्टापासून पुढे रिस्टोअर पॉइंट हे शॅडो कॉपीच्या रूपात राहतात, आणि नेहमीच्या चार केबीच्या क्लस्टरवर जोरदार डीफ्रॅग केलं तर जुन्या शॅडो कॉपी जागेअभावी पुसल्या जाऊ शकतात. वहिनीच्या वेळी ज्या प्रतीने वाचवलं, तीच प्रत अशा वेळी हाताशी नसेल. म्हणून बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. कॉपी झाली म्हणजे ती उघडते असं धरून चालू नये.

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, डोकं नाही, त्यामुळे तुकड्यांमुळे वाट पाहणंही जवळपास नाही. उलट प्रत्येक लिखाणाने तिचं आयुष्य थोडं थोडं झिजतं. विंडोज 8 पासून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' एसएसडी ओळखून तिला ट्रिमची सूचना देतं, ते त्याच्यावर सोडून द्यावं. त्याच खिडकीत 'मीडिया टाइप'च्या रकान्यात आपली डिस्क कोणती ते लिहिलेलं असतं. तिथे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असेल तर बूट-टाइम डीफ्रॅगचं कुठलंही सॉफ्टवेअर घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

आणि कोणी हे वाचेपर्यंत बूट-टाइम डीफ्रॅग लावूनच बसलं असेल तर? पडद्यावरचा आकडा हळू का होईना पुढे सरकत असेल तर बटण दाबून बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. घरगुती यूपीएस फार वेळ टिकत नाही, हे लक्षात ठेवा आणि वीज जायच्या वेळेच्या आधी हे काम कधीही सुरू करू नका. पण आकडा तासन् तास एकाच जागी अडला असेल आणि डिस्कमधून टक टक ऐकू येत असेल, तर मशीन बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका आणि 'एकदा डिस्क तपासून बघू' म्हणून चेकडिस्कही लावू नका. ती डिस्क दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडून आधी सर्वांत मौल्यवान फायली कॉपी करा. तिथेही ती ओळखली जात नसेल, तर डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे न्या आणि आपण काय काय करून पाहिलं ते त्याला क्रमाने सांगा.