नाण्यावरील कुटुंब व घरांतील कुटुंब

कराच्या नाण्यावरील मूर्ति व लेख कोणाचा, असें प्रभूनें विचारलें तेव्हां कैसराचा, असें उत्तर मिळालें. तें नाणें चांदीचें होतें. गोरगरिबांच्या हातीं फिरे तें बहुधा तांब्याचें, पितळेचें किंवा कांशाचें. आणि त्यावर पुष्कळदां कैसराच्या घरचीं माणसेंही असत. राजघराणें सुखरूप आहे, वारस तयार आहेत, ही बातमी तें नाणें गांवोगांवीं पोंचवी.

इ. स. 37-38 च्या सुमारास कैसर कालिगुला ह्यानें एक मोठें पितळी नाणें पाडिलें. त्यावर त्याच्या तिघी बहिणी, अग्रिप्पिना, द्रुसिल्ला व युलिया, ह्यांस सुरक्षितता, एकोपा व सुदैव ह्यांचीं रूपें दिलेलीं आहेत. द्रुसिल्ला 38 सालीं वारली. उरलेल्या दोघींस ह्याच भावानें 39 सालीं हद्दपार केलें.

पुढें कैसर सेवेरस ह्याच्या काळीं काराकल्ला व गेता ह्या त्याच्या पुत्रांचीं मुखें नाण्यांवर जोडीनें झळकलीं. 211 सालीं बाप वारला. एकोप्यानें राहा, असें त्यानें मुलांस शेवटीं सांगितल्याचें इतिहासकार दियो लिहितो. परंतु त्याच वर्षाअखेर थोरल्यानें धाकट्यास आईच्या कुशींत ठार करविलें. स्त्रातोनिकेया शहराच्या कांहीं नाण्यांवरून गेताचें मुख खरवडून काढलेलें आजही दिसतें.

हें दूरदेशचें म्हणून सोडूं नये. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यांत, सातवाहन राजपरिवाराच्या मूर्ति कोरलेल्या होत्या. सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी व कुमार ह्यांचीं नांवें भिंतीवर राहिलीं; मूर्ति मात्र भंगून गेल्या. दगडाची ही गत, तर धातूची काय कथा?

आपणांपाशीं राजाचें नाणें नाहीं, पण सातबारा आहे. त्यावर भावांचीं नांवें एकाखालीं एक असतात. पुणें शहर वाढलें तशी धायरीच्या जमिनीची किंमत वाढली. आणि किंमत वाढली म्हणजे वीतभर बांधासाठींही सख्खे भाऊ एकमेकांचें तोंड पाहीनासे होतात. कागदावर नांवें एकत्र, घरांत अबोला. मग कैसराच्या घराहून आपलें घर वेगळें कसें?

अर्पण वेदीपाशीं ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, ही प्रभूची शिकवण आपण जाणतों. तर ज्याच्याशीं आपला अबोला आहे, त्याच्या दारीं ह्याच आठवड्यांत जावें. वाटणी न्यायानें व्हावी. परंतु बोलणें तुटूं नये.