थांबा! पुन्हा पाहा

सिनेमा पाहताना तुम्ही काय करता? गोष्ट पुढे धावते आणि आपणही तिच्यामागे धावतो. कितीतरी वस्तू डोळ्यांसमोरून निघून जातात. पण आपण त्या पाहत नाही.

अमेरिकेत रॉजर ईबर्ट नावाचे एक चित्रपट-समीक्षक होऊन गेले. १९६७ पासून २०१३ साली मृत्यू येईपर्यंत ते शिकागोच्या एका वृत्तपत्रात लिहीत होते. ते विद्यार्थ्यांना सिनेमा शिकवतही असत. त्यांची रीत सोपी होती. वर्गात अंधार करायचा आणि चित्रपट सुरू करायचा. कोणालाही काही दिसले, की त्याने 'थांबा!' म्हणायचे. लगेच चित्र थांबे आणि चर्चा सुरू होई. उत्तर नेहमी शिक्षकच देत असे नाही. अंधारातून एखादा विद्यार्थीही ते देई.

आता समजा, तुम्ही अशाच एका वर्गात बसला आहात. पडद्यावर आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५४ सालचा 'रिअर विंडो' हा रहस्यपट चालू आहे. 'रिअर विंडो' म्हणजे मागची खिडकी.

सुरुवातीलाच म्हणा, 'थांबा!' एक माणूस खुर्चीत झोपला आहे. त्याच्या पायाला प्लास्टर आहे. जवळ मोडका कॅमेरा आहे. भिंतीवर मोटारींच्या शर्यतीतील अपघाताचे छायाचित्र आहे. कोणी काही सांगत नाही, तरी तुम्हांला सारे कळते : हा छायाचित्रकार आहे आणि छायाचित्र घेतानाच तो जखमी झाला आहे.

त्याला चालता येत नाही. म्हणून तो खिडकीतून समोरच्या घरांकडे पाहत बसतो. कॅमेराही बहुतेक वेळ त्याच्याच खोलीत राहतो. बहुतेक वेळा त्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. समोरच्या घरातील आजारी बाई एकाएकी दिसेनाशी होते. तिचा नवरा भर पावसात, रात्री पेटी घेऊन बाहेर जातो. आपल्याला शंका येते. पण पुरावा नसतो. याच अस्वस्थतेला रहस्यपटात उत्कंठा म्हणतात.

आणखी एकदा म्हणा, 'थांबा!' एका रात्री शेजारणीचा लाडका कुत्रा मेलेला सापडतो. ती रडत सर्वांना विचारते, की शेजारी एकमेकांची काळजी का घेत नाहीत? सगळे लोक खिडक्यांत येतात. फक्त एक खिडकी अंधारी राहते. नीट पाहा. त्या अंधारात एक लाल ठिपका चमकतो आहे. घरात माणूस आहे. पण तो बाहेर आलेला नाही. का?

पुढे काय होते, ते इथे सांगत नाही. मात्र या चित्रपटाने विचारलेला एक प्रश्न सोबत न्या. दुसऱ्याच्या घरात डोकावणे वाईटच. पण शेजाऱ्याकडे कधी पाहायचेच नाही, हे तरी चांगले आहे का? तुमच्या शेजारच्या खिडकीत आज दिवा लागला नाही, तर ते तुमच्या लक्षात येईल का?

स्वाध्याय
१. ईबर्ट यांची शिकवण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा.
२. छायाचित्रकाराविषयी न बोलता काय काय कळते?
३. 'डोकावणे' आणि 'काळजी घेणे' यांत काय फरक आहे? पाच वाक्ये लिहा.